पहिली कोंबडी मेली तेव्हा

वऱ्हाडात शेत बहुधा पुरुषाच्या नावावर असतं, बैलजोडीही त्याचीच असते. अंगणातल्या कोंबड्या मात्र घरातल्या बाईच्या. अंडी विकून आलेले पैसे ती डब्यात टाकते आणि त्यातून पोराची वही, सासूच्या खोकल्याची बाटली, बहिणीच्या लेकीला फ्रॉकचं कापड निघतं. या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही. पण दहा-बारा कोंबड्यांचा कळप चार दिवसांत बसला, तरी त्याचाही हिशेब कुणी मागत नाही. पंचनामा होत नाही, विमा नसतो. गाय मेली तर शेजारी येऊन बसतात, कोंबडी मेली तर कुणी विचारतही नाही. "काल सांजीलोक दाने टिपत होती वो, अन् सकाळी पाह्यतो तं मरून पडेल," एवढं बोलून ती बाई मेलेली पाखरं उचलते आणि गावाबाहेरच्या नाल्यात टाकून येते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत ज्या मरतुकीबद्दल "कशानं मेल्या कोण जाणे" असं म्हणतात, तिच्यातल्या बऱ्याच मरतुकीचं कारण शोधलं तर सापडतं. ते सापडत नाही, कारण ते सांगू शकणारा एकमेव पुरावा म्हणजे पहिली मेलेली कोंबडी, आणि तीच आपण सगळ्यांत आधी नाहीशी करतो. दुसरी मेल्यावर हळहळ वाटते, पाचवी मेल्यावर दवाखाना आठवतो, आणि तोवर खुराड्यात दाखवायला काही उरलेलं नसतं.

रोगाचं नाव शोधण्याआधी मरतुकीची चाल पाहावी. सकाळी सगळी पाखरं ठणठणीत होती, दुपारपर्यंत सात-आठ मेली आणि दुसऱ्या दिवसापासून एकही नाही, तर संशय विषाचा किंवा उन्हाचा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, मग पाच, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या अंगणातही तेच सुरू झालं, तर संशय लागणीचा. महिना-दोन महिन्यांत एकेक पाखरू झुरत, छातीचं हाड हाताला लागेपर्यंत वाळत मेलं, तर जंत, गोचीड किंवा खाण्यापिण्यातली खोट शोधावी. पिसं विखुरलेली, मानेवर दातांच्या खुणा असतील तर ते मुंगसाचं किंवा रानमांजराचं काम. त्याचा इलाज दवाखान्यात नाही, खुराड्याच्या जाळीत आहे. घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितात. त्याच चौकटीत किती मेल्या, लहान की मोठ्या, आदल्या दिवशी काय खाल्लं, बाजारातून नवीन पाखरू कधी आणलं, हे चार शब्दांत लिहून ठेवलं तर पशुवैद्यकाचं निम्मं काम तिथेच होतं.

लागणीच्या रोगांत पहिला मान मानमोडीचा. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ एका नव्याच रोगानं कोंबड्या मारल्या. पुढच्याच वर्षी तो कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला आढळला. जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात, भारतात राणीखेत. रोग विषाणूचा आहे. कोंबडी पंख पाडून, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात उभी राहते. चोच उघडी ठेवून श्वास घेते, घशातून घरघर येते. विष्ठा पातळ आणि हिरवट पांढरी होते. मग पाय किंवा पंख लुळा पडतो आणि मान वळायला लागते. तीव्र प्रकारात एवढंही दिसत नाही: संध्याकाळी खाल्लेलं पाखरू सकाळी मेलेलं सापडतं. त्यातून वाचलेल्या एखाद्या कोंबडीला दाणा टिपताना नीट बघा. दाणा तिला दिसतो, ती नेमही धरते, पण वाकडी मान चोचीला दाण्याच्या शेजारच्या मातीवर आपटते. पुन्हा नेम, पुन्हा माती. अशी कोंबडी रोगानं मरत नाही, हातानं भरवलं नाही तर भुकेनं मरते.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात, बहुतेक वेळा पाच-सहा दिवस. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की बरीच गूढ मरतूक उलगडते. परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या बाजारातून आणलेली तलंग पहिले तीन-चार दिवस चांगली खाते-पिते, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. आठवड्यानं जुन्या कोंबड्या पडायला लागतात आणि नजर, करणी, हवापालट अशी कारणं निघतात. नवीन पाखरू पंधरा दिवस तरी वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावं, याचं कारण हे.

याची दुसरी बाजू बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. मर लागली की उरलेली पाखरं मरण्याआधी विकून टाकावीत असा सल्ला घरोघरी मिळतो. ज्या बाईचे हजार-दोन हजार रुपये बुडत आहेत तिला दोष देणं सोपं आहे; मी देणार नाही. पण तिनं बाजारात नेलेली कोंबडी दुसऱ्या गावातल्या तिच्यासारख्याच बाईच्या खुराड्यात जाते. रोग या गावातून त्या गावात जातो तो बहुतांशी माणसाच्या हातांनी: व्यापाऱ्याच्या सायकलवरच्या टोपल्यांनी, उघड्यावर टाकलेल्या पिसांनी, चपलांना लागलेल्या विष्ठेनं.

मानमोडीवर औषध नाही. लसूण, हळद, कांदा दिल्यानं नुकसान होत नाही, पण विषाणूही मरत नाही. माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात घालणं मात्र थांबलं पाहिजे. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. अर्धवट मात्रा गेली की फक्त चिवट जिवाणू मागे उरतात. दहातली एखादी कोंबडी आपल्या अंगच्या जोरावर वाचते आणि श्रेय कॅप्सूलला जातं.

लस आहे, आणि ती चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा किंवा एफ-१ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आर-२-बी लसीचं इंजेक्शन. ही दुसरी लस ज्या विषाणूपासून बनते तो कुमाऊँमधल्याच मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात सौम्य केलेला आहे, म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. मग अंगणातली कोंबडी लसीवाचून का मरते? अडचण कुपीच्या आकाराची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, घरात पाखरं दहा. कुपी फोडून द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती २ ते ८ अंशांत, बर्फावर ठेवावी लागते. वैशाखात ही लस थर्मासशिवाय पिशवीतून आणली तर टोचलेलं ते नुसतं पाणी. चिखलदरा, धारणी तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांवर कोंबडी पाहुणचाराला लागते, देवाला लागते, अडीनडीला बाजारात न्यायला लागते. तिथं दवाखाना लांब आणि वीज बेभरवशाची, म्हणून ही अडचण दुप्पट होते.

उपाय एकाच घराचा नाही, गल्लीचा आहे. दहा घरांनी एक दिवस ठरवायचा, संध्याकाळी पाखरं खुराड्यात शिरल्यावर कुणीही सोडायची नाहीत, आणि भल्या पहाटे बर्फाच्या डब्यातली एक कुपी घेऊन सगळी घरं उरकायची. बचत गटाच्या बायका हे काम उत्तम करू शकतात. मोझांबिक आणि टांझानियात गावकऱ्यांनीच घरोघर जाऊन डोळ्यात थेंब टाकण्याची पद्धत रुजली; त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी आय-२ नावाची, उष्णता बरीच सोसणारी लस तयार केली होती. आपली गावं त्यांच्याहून मागासलेली नाहीत.

पण प्रत्येक मरतूक म्हणजे मानमोडी नव्हे, आणि इथे वऱ्हाडाची माती बोलायला लागते. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरी-बोअरच्या ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून माणसं ते सोडून देतात, तेच पाणी कोंबड्यांच्या भांड्यात जातं. लिटरभर पाण्यात तीन ग्रॅमहून अधिक क्षार झाले की पाखरांची विष्ठा पातळ होते, वाढ खुंटते, पिल्लं मरायला लागतात. पाच ग्रॅमच्या वर ते पाणी कोंबड्यांच्या कामाचं राहत नाही. त्यात उन्हाळ्यात उघड्या भांड्यातलं पाणी दुपारपर्यंत आटतं आणि उरलेलं आणखी खारट होतं. रोग नाही, जंत नाहीत, तरी पिल्लांचा प्रत्येक घाणा अर्धा मरतो, अशी तक्रार या पट्ट्यात असेल तर आधी पाणी बदलून पाहावं. निदान पिल्लांना पहिला महिना नळाचं गोडं पाणी द्यावं.

कापूस ही इथली ओळख, आणि सरकीची ढेप घरोघरी. म्हशीला ती मानवते. कोंबडीला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं; गाई-म्हशींच्या पोटात त्याचा जोर बराच मोडतो, कोंबडीच्या मोडत नाही. भूक मंदावते, अंडी घटतात, आणि ठेवलेलं अंडं फोडलं तर बलक पिवळ्याऐवजी हिरवट तपकिरी निघतो. असं अंडं दिसलं की गव्हाणीतली ढेप कोंबड्या टिपतात का, ते पाहायचं.

बुरशीचं प्रकरण याहून गंभीर. परतीच्या पावसात ज्वारीचं कणीस भिजतं, दाणा काळा पडतो, मक्याला हिरवी बुरशी चढते. माणसांना नको झालेलं हे धान्य कोंबड्यांपुढे टाकतात. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची अशीच न कळणारी मरतूक झाली. एक लाखाच्या आसपास पक्षी मेले. कुठला जंतू सापडेना, म्हणून रोगाला नावच 'टर्की एक्स' दिलं. शेवटी तपास करणाऱ्यांनी जंतूचा नाद सोडून खाद्य कुठून आलं हे विचारलं, आणि माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला. पेंडीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी होती, तिनं तयार केलेलं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. हे विष यकृत नासवतं, आणि दाणा वाळवून, पाखडून किंवा भाजून ते पुरतं जात नाही. ज्या दाण्याला कुबट वास येतो तो कोंबडीलाही घालू नये. फेकून द्यायला जीव होत नाही हे खरं, पण दोन पायल्या काळ्या ज्वारीची किंमत अख्ख्या कळपाहून जास्त नसते.

जून-जुलैत पेरणी आणि पुढे फवारणी, या दिवसांतली एकदम झालेली मरतूक विषाची असण्याचा संभव मोठा. बियाण्याला औषध चोळून रंग दिलेला असतो. धुऱ्यावर सांडलेले गुलाबी दाणे कोंबडी आवडीनं टिपते. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं पक्ष्यांना फार जहाल असतात. १९९५-९६च्या सुमारास अर्जेंटिनात ते फवारलेल्या शेतांतले नाकतोडे खाऊन हजारो ससाणे मेले. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दगावली, तिथं मेलेला किडा खाणाऱ्या कोंबडीचं काय होत असेल? तोंडातून लाळ, झटके, लुळे पाय आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली, अशी कोंबडी सापडली तर ती पिशवी डॉक्टरांसमोर उघडून घ्यावी. रंगीत दाणे निघाले तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो. टिनाच्या खुराड्यात दुपारी तीन-चारच्या सुमाराला मरतात त्या वाळलेल्या नव्हे, अंगानं भरलेल्या, अंड्यावरच्या कोंबड्या. टिनावर पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा थर, सावलीतलं माठाचं पाणी, आणि दुपारी दाणा बंद. एवढ्यानं बहुतेक वाचतात.

आता ती मरतूक, जी मला सगळ्यांत फसवी वाटते. कोंबडी दिवसेंदिवस पांढरी पडते, तुरा फिका होतो, अंडी थांबतात, एक दिवस ती खुराड्यातून उतरत नाही. दिवसा अंगावर शोधलं तर सहसा काही सापडत नाही. रात्री दहा-अकराला टॉर्च घेऊन जा आणि उजेड कोंबडीवर न टाकता खुराड्यामागच्या मातीच्या भिंतीवर टाका. भेगांतून चपटे, करडे, मसुरीहून मोठे किडे निघून कोंबडीच्या पायांकडे चालताना दिसतील. ही कोंबड्यांची मऊ गोचीड. ती तासाभराच्या आत रक्त पिऊन पुन्हा भेगेत शिरते; दिवसा अंगावर राहतात ती फक्त तिची बारकी पिल्लं, पंखाखाली, निळसर ठिपक्यांसारखी. रक्त जातं ते जातंच, वर तिच्यातून एक ताप आणणारा जिवाणूही कोंबडीत उतरतो आणि लुळेपण येतं. खुराडं महिनाभर रिकामं ठेवल्यानं ती मरत नाही, कारण मोठी गोचीड अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरते. भेगा शेणमातीनं नव्हे, चुन्या-सिमेंटनं बुजवायच्या, लाकडी दांड्या उकळत्या पाण्यानं धुवायच्या, आणि खुराडं भिंतीपासून हातभर दूर ओढायचं.

बर्ड फ्लूचं नाव आता गावोगाव माहीत आहे. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि तपासणीत तोच निघाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पडले, आणि त्याआधी काही दिवस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले. एका दिवसात कळपातली बरीच पाखरं मेली, तुरे आणि गलोल निळेजांभळे झाले, डोकं सुजलं, किंवा आसपास कावळे-बगळे मेलेले दिसले, तर ती कोंबडी कापू नका, सोलू नका, कुत्र्या-मांजराला घालू नका आणि दवाखान्यात नेऊही नका. डॉक्टरांना घरी बोलवा. आजारी पाखरू कापताना आणि पिसं काढताना हा विषाणू माणसात येऊ शकतो.

लोक कळवत नाहीत ते सगळ्या कोंबड्या मारतील या भीतीनं. ही भीती खोटी नाही: लागण ठरली की एक किलोमीटरच्या परिघातली पाळीव पाखरं नष्ट करतात. पण २००९च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानं कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि भरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या जिवंत पाखरांची, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर करणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं. ही भरपाई अंगणातल्या दहा कोंबड्यांच्या मालकिणीपर्यंत वेळेत पोचणं हा मात्र सरकारचा भाग आहे, आणि ती पोचली तरच लोक फोन करतील.

अशी एकदम मोठी मरतूक नसेल, तेव्हा पहिल्या मेलेल्या कोंबडीचं शवविच्छेदन करून घ्यावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही हे होऊ शकतं. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. कोंबडी मेल्यावर वऱ्हाडच्या उन्हात काही तासांतच आतले अवयव सडतात, म्हणून उशीर नको. दुहेरी पिशवीत घालून बाहेरून बर्फ लावायचा. फ्रीजरमध्ये गोठवायची नाही, गोठलेल्या अवयवांवरच्या खुणा पुसट होतात. तशीच लक्षणं असलेलं एखादं जिवंत पाखरू सोबत नेता आलं तर फारच उत्तम. पोट उघडल्यावर पेट्याच्या वरच्या जठरात रक्ताचे ठिपके दिसले की मानमोडी, पिल्लाच्या आतड्याच्या टोकाशी साकळलेलं रक्त दिसलं की रक्ती हगवण, यकृतावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले की पटकीचा संशय बळावतो. यातल्या रक्ती हगवणीला आणि पटकीला औषध आहे, मानमोडीला नाही. म्हणजे उरलेल्या कोंबड्या वाचतील की नाही, हे त्या पहिल्या चार रेघांच्या अहवालावर ठरतं.

एवढं करूनही कधी कधी उत्तर मिळत नाही. अवयव सडलेले असतात, नमुना बिघडतो, किंवा दोन-तीन कारणं एकत्र आलेली असतात: जंतांनी खंगलेली कोंबडी, त्यात खारं पाणी, त्यात बाजारातून आलेली लागण. अशा वेळी हात टेकू नयेत. मेलेली पाखरं विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खड्ड्यात चुना घालून पुरावीत आणि वर बाभळीचे काटे टाकावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खुराड्यातलं सगळं खरवडून जाळावं, भिंतींना चुना द्यावा, भांडी उन्हात तापवावीत. जो उन्हाळा कोंबड्या मारतो तोच विषाणूही मारतो. मे महिन्याचं ऊन खुराड्याच्या आतपर्यंत जाऊ द्यावं. महिनाभर थांबून मग नवीन पाखरं आणावीत, तीही एकाच ठिकाणची आणि लस दिलेली. दहा गेल्या म्हणून एकदम वीस आणू नयेत, चार आणाव्यात.

आणि पहिली कोंबडी मेली तर ती नाल्यात टाकू नका. पिशवीत घालून त्याच सकाळी दवाखान्यात न्या. एकाच दिवशी अनेक मेल्या असतील तर कशालाही हात न लावता १९६२ या क्रमांकावर फोन करा, आणि तेवढ्यात शेजारणीलाही सांगा.